पेटी, गोट्या आणि ४३ मिनिटे

'पेटी' म्हटले की मराठी माणसाला आधी हार्मोनियम आठवते. आमच्या घरात मात्र गेली काही वर्षे हा शब्द वेगळ्याच अर्थाने, आणि बहुतेक वेळा सौ.च्या तोंडून, ऐकू येतो. कुरिअरवाला दाराशी एखादे चौकोनी, जड पार्सल ठेवून गेला की "आली वाटतं आणखी एक पेटी!" हे वाक्य ठरलेले. ही पेटी म्हणजे बॉक्स सेट. एखाद्या गायकाची किंवा बँडची जुनी ध्वनिमुद्रणे, पूर्वी बाहेर न आलेले काही तुकडे, एक जाडजूड पुस्तक, फोटो, पोस्टर असे सगळे एका भक्कम पुठ्ठ्याच्या डब्यात भरतात आणि शंभर, दोनशे, कधी सहाशे डॉलरला विकतात. घेणारे बहुतेक माझ्यासारखे चाळिशी ओलांडलेले. गंमत अशी की ही पेटी घेणारे आणि तिच्याबद्दल सर्वांत जास्त तक्रार करणारे लोक एकच असतात.

मंडळाच्या गेल्या पिकनिकला हा विषय निघाला. मी एका नव्या पेटीच्या किमतीबद्दल कुरकुरत होतो. आमचे एक स्नेही पेशाने अकाउंटंट आहेत. हातातले कणीस संपवत ते शांतपणे म्हणाले, "अहो, किंमत पटत नसेल तर घेऊ नका. हे काय तांदळाचं पोतं आहे, घेतल्यावाचून चालत नाही म्हणायला? चैनीच्या वस्तूबद्दल तक्रार कसली करता?" प्रश्न रास्त होता आणि मला तिथे नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

गायकच म्हणतो, घेऊ नका

प्रथम एक गैरसमज दूर करू. अशी तक्रार फक्त चिकट माणसेच करतात, असे नाही. एल्व्हिस कॉस्टेलो हा इंग्लंडचा नामवंत गायक आणि गीतकार. २०११ च्या अखेरीस त्याच्या रंगमंचावरील कार्यक्रमाची एक मर्यादित आवृत्ती निघायची होती. पेटीत एक सीडी, एक डीव्हीडी, एक दहा इंची तबकडी, एक पुस्तक आणि त्याच्या सहीचे कार्ड. प्रती फक्त १,५००. अमेरिकेतली किंमत दोनशे डॉलरच्या वर. ती कळल्यावर कॉस्टेलोने स्वतःच चाहत्यांना जाहीरपणे कळवले की ही पेटी घेऊ नका. हा आकडा छपाईची चूक तरी असावा किंवा कुणीतरी केलेली थट्टा तरी, असे त्याचे म्हणणे. किंमत उतरवण्याचे त्याचे प्रयत्नही फुकट गेले होते. यातले भाग नव्या वर्षात सुटे आणि स्वस्त मिळतील, तोवर थांबा, असा त्याने सल्ला दिला. आणि कुणाला खास भेट द्यायचीच असेल तर लुई आर्मस्ट्राँगच्या दहा तबकड्यांची पेटी घ्या, ती दीडशे डॉलरच्या आत मिळते आणि संगीत म्हणूनही कितीतरी सरस आहे, असेही सुचवले.

ज्याला प्रत्येक प्रतीमागे काही ना काही मिळणार, तोच 'घेऊ नका' म्हणतो आहे. म्हणजे कुठेतरी नक्कीच काहीतरी खटकण्यासारखे असले पाहिजे. काय खटकते ते पाहण्यासाठी एकच उदाहरण जरा तपशिलात घेऊ.

एकच अल्बम पाच वेळा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम मार्च १९७३ मध्ये अमेरिकेत आला. लांबी सुमारे ४३ मिनिटे. २०११ मध्ये त्याची 'इमर्शन' नावाची पेटी निघाली. तीन सीडी, दोन डीव्हीडी, एक ब्लू-रे. बरोबर गळ्यात घालायचा स्कार्फ, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या आणि चक्क गोट्या! होय, आपण लहानपणी अंगणात खेळायचो त्या. या गोट्यांची चाहत्यांनी इतकी टर उडवली की पुढे कोणत्याही पेटीत फालतू वस्तू असली की त्यांना गोट्याच आठवू लागल्या. पण न्यायाने सांगायचे तर त्या पेटीत खराखुरा ऐवजही होता. १९७४ चा लंडनच्या वेंब्लीमधला कार्यक्रम, ध्वनितंत्रज्ञ अ‍ॅलन पार्सन्सने १९७२ मध्ये केलेले अल्बमचे कच्चे मिश्रण, आणि त्यानेच पुढे चार स्पीकरांसाठी केलेले मिश्रण. माझ्यासारख्या ध्वनिसंस्कारात डॉक्टरेट केलेल्या माणसाला यासाठी गोट्यासुद्धा पोटात घालायला हरकत वाटली नाही. (शब्दशः घेऊ नये.)

पुढे २०२३ मध्ये अल्बमला ५० वर्षे झाली आणि दुसरी पेटी निघाली. किंमत सुमारे तीनशे डॉलर. आता हिशेब पाहा. नव्याने रीमास्टर केलेला तोच ४३ मिनिटांचा अल्बम एका सीडीवर, एका मोठ्या तबकडीवर, एका डीव्हीडीवर आणि दोन ब्लू-रेवर, म्हणजे एकाच पेटीत पाच वेळा. त्यातलीच चार गाणी आणखी दोन छोट्या तबकड्यांवर. वेंब्लीचा १९७४ चा कार्यक्रम सीडी आणि तबकडी असा दोनदा, आणि तो २०११ च्या पेटीत होताच. पार्सन्सची दोन्ही मिश्रणे यावेळी गायब. पेटीत खरोखर नवे असे एकच मोठे आकर्षण होते. 'अ‍ॅटमॉस' नावाच्या तंत्राने केलेले मिश्रण, ज्यात आवाज चारी बाजूंनी आणि डोक्यावरूनही येतो. पण ती ब्लू-रे सुटी मिळत नव्हती. ती हवी तर अख्खी पेटी घ्या.

चाहत्यांनी हाकाटी केली ती याच मुद्द्यावर. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती ब्लू-रे सुटी विक्रीला आली. ज्यांनी तक्रार करून वाट पाहिली त्यांना ती स्वस्तात मिळाली, आणि ज्यांनी पहिल्या दिवशी निष्ठेने तीनशे डॉलर मोजले ते बिचारे खांद्यावर पेटी घेऊन उभे राहिले. मी थांबणाऱ्यांतला होतो. त्याचे श्रेय मात्र माझ्या संयमाला नसून सौ.च्या करड्या नजरेला आहे.

बिनछपराचा डबा

असे का करतात? तबकडी छापण्याचा खर्च किरकोळ असतो. सुटी विकली असती तर तोटा थोडाच झाला असता?

याचे उत्तर १८४९ सालीच एका इंजिनिअरने देऊन ठेवले आहे. ज्यूल द्यूप्वी हा फ्रान्समधला रस्ते आणि पूल बांधणारा सरकारी अभियंता. त्या काळी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे, बाकेही साधी लाकडी. लोकांना वाटे, कंपनी छपराचे पैसे वाचवते आहे. द्यूप्वीचे म्हणणे असे की छपराला असा काय खर्च येतो? छप्पर काढले आहे ते गरिबाला भिजवण्यासाठी नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचे तिकीट परवडते त्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला त्रास होतो, पण नेम श्रीमंतावर असतो.

हीच युक्ती आजही चालते. आय.बी.एम.ने १९९० मध्ये एक स्वस्त लेझर प्रिंटर काढला. मूळचा प्रिंटर मिनिटाला दहा पाने छापायचा, स्वस्तवाला पाच. फरक एवढाच की स्वस्त प्रिंटरमध्ये त्याचा वेग मुद्दाम कमी करणारी वेगळी जोडणी घातली होती. माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात तर हे रोजचेच आहे. 'साधी' आणि 'महाग' आवृत्ती ही पुष्कळदा एकच असते, फक्त साधीत काही सोयींना कुलूप घातलेले असते. मी स्वतः अशी कुलपे लिहिली आहेत आणि त्याचा पगार घेतला आहे. तेव्हा या विषयावर फार सोवळेपणाने बोलायचा मला अधिकार नाही.

पेटीच्या बाबतीत ती एक न मिळणारी ब्लू-रे म्हणजे काढून घेतलेले छप्पर. कंपनीला ठाऊक असते की शंभरातल्या नव्वद जणांना मूळ अल्बम पुरतो. उरलेल्या दहांना मात्र त्या नव्या मिश्रणावाचून चैन पडणार नाही, आणि त्यासाठी ते पाच वेळा तोच अल्बम, पुस्तक, पोस्टर सगळे उचलतील. म्हणजे किंमत वस्तूच्या खर्चावरून ठरत नाही, चाहत्याच्या ओढीवरून ठरते. व्यापारात हे बेकायदेशीर नाही, आणि कधीकधी योग्यही असते, कारण जुने ध्वनिमुद्रण शोधणे, टेप दुरुस्त करणे, हक्क मिळवणे, पुस्तक लिहून घेणे या साऱ्याचा खर्च हजार प्रती काढा की लाख, जवळपास तेवढाच येतो. पण जो सर्वांत जास्त प्रेम करतो त्यालाच सर्वांत जास्त पिळायचे, हे ज्याच्या लक्षात येते त्याला ते लागते.

दिसायला सुंदर, वापरायला वाईट

दुसरी तक्रार वेष्टनाची. हिचा अनुभव माझा स्वतःचा आहे.

काही वर्षांपूर्वी, पीएच.डी. झाल्याला दहा वर्षे पूर्ण झाली म्हणून मी स्वतःलाच एक पेटी भेट दिली. कोणाची ते सांगत नाही. किंमत २२० डॉलर. जाड कागदाचे देखणे पुस्तक, आणि त्याच्या पानांनाच खाचा पाडून त्यांत सीडी सरकवलेल्या. तिसरी सीडी काढताना कर्र असा आवाज आला. तीवर चार सरळ ओरखडे. ज्या एका अप्रकाशित गाण्यासाठी मी एवढे पैसे मोजले, नेमके तेच मधोमध अडकू लागले. कंपनीला लिहिले. उत्तर सौजन्याचे होते. पेटी परत पाठवा, पैसे देतो. सुटी सीडी नाही, आणि दुसरी पेटीही नाही, कारण आवृत्ती संपली. म्हणजे एक अडखळणारे गाणे ठेवा, नाहीतर सगळेच परत करा. मी पेटी ठेवली.

यात थोडे शास्त्र आहे, ते सांगतो. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची चकती. माहिती सलग न लिहिता विखरून लिहिलेली असते आणि तिच्या जोडीला चुका दुरुस्त करणारे जादा आकडे असतात. त्यामुळे मागाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर माहिती नष्ट झाली तरी यंत्र ती पुन्हा जुळवू शकते. म्हणून केंद्रापासून कडेकडे जाणारा ओरखडा फारसा त्रास देत नाही, तो प्रत्येक माग आडवा ओलांडून जातो. वर्तुळाच्या दिशेने जाणारा ओरखडा मात्र घातक, तो एकाच मागावरून लांबवर धावतो. आता सीडी खाचेतून सरळ ओढली तर ओरखडे समांतर रेषांत पडतात. मधल्या रेषा निरुपद्रवी, पण कडेच्या रेषा मागाला जवळपास समांतर जातात. माझे गाणे नेमके तिथे होते. सीडीचा शोध लावणाऱ्यांनी इतका विचार करून ठेवला, आणि वेष्टन आखणाऱ्याने ती बाहेर कशी काढायची याचा विचारच केला नाही!

हे दुखणे जुनेच आहे. १९८० च्या दशकात ऑपेरांच्या जाड डब्यांत सीडी हलू नये म्हणून फोमचा तुकडा ठेवत. वर्षांनुवर्षांनी तो फोम विरघळून चिकट झाला आणि सीडीला चिकटून बसला. सीडीची छापील बाजू वरून मजबूत दिसते, पण खरे तर तीच नाजूक, कारण प्रकाश परावर्तित करणारा धातूचा थर तिथे नुसत्या वार्निशाखाली असतो. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास बनलेल्या कित्येक सीडी अशाच तांबूस पडून निकामी झाल्या. त्यांचे वार्निश कागदी वेष्टनातल्या गंधकापुढे टिकले नाही. म्हणजे ज्याने जपायचे त्यानेच घात केला. तेव्हा 'एवढे पैसे घेता तर साधे प्लॅस्टिकचे अस्तर तरी द्या' ही चाहत्यांची मागणी हट्ट नाही, तिच्यामागे अनुभव आहे.

जिथे पैसे दिल्याचे वाईट वाटत नाही

सगळ्याच महाग पेट्यांना लोक शिव्या देतात असे मात्र नाही. ९ सप्टेंबर २००९ रोजी बीटल्सच्या दोन पेट्या एकाच दिवशी निघाल्या, एक स्टिरिओ आणि एक मोनो. मोनो पेटी महाग होती आणि तिच्यातल्या सीडी सुट्या मिळत नव्हत्या, यावर कुरकुर झालीच. पण १९६० च्या दशकात बीटल्स स्वतः हजर राहून करवून घेत ती मिश्रणे मुख्यतः मोनोच असत, स्टिरिओ मागाहून घाईने उरकले जाई. ती मोनो मिश्रणे सीडीवर एकत्र अशी प्रथमच मिळत होती. शिवाय मूळ तबकड्यांच्या वेष्टनांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती आणि प्रत्येक सीडीला आतून संरक्षक पिशवी. घेणाऱ्याला वाटले, कुणीतरी मन लावून केले आहे.

बॉब डिलनचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० करण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला. पण अट अशी की ५० वर्षांत ते प्रकाशित झालेले हवे, नाहीतर जादा मुदत नाही. म्हणून २०१२ च्या अखेरीस डिलनच्या १९६२ मधल्या मुद्रणांचा एक संच जेमतेम शंभर प्रतींत काढून कायद्याची पूर्तता केली गेली. चाहते चडफडले, कारण शंभर प्रती म्हणजे न काढल्यासारखेच. पुढे २०१५ मध्ये त्याच्या १९६५-६६ च्या स्टुडिओतल्या मुद्रणांची १८ सीडींची पेटी आली. प्रती ५,०००, किंमत सहाशे डॉलर. त्याच वेळी सहा सीडींची आणि दोन सीडींची आवृत्तीही निघाली. तुमची भूक असेल तेवढे ताट घ्या. सहाशे डॉलर फार आहेत यात शंका नाही, पण तिथे एकच वरण पाच वाट्यांत वाढलेले नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे सारेगामाचे 'कारवाँ'. २०१७ मध्ये आलेले, जुन्या रेडिओसारखे दिसणारे यंत्र, आत ५,००० जुनी हिंदी गाणी, किंमत सहा हजार रुपयांच्या आतली. गाणी सगळी फोनवर मिळतातच, मग हा डबा कशाला, असे मलाही वाटले होते. पुण्याला गेलो तेव्हा बाबांना ते वापरताना पाहिले. चष्मा नाही, पासवर्ड नाही, बटण फिरवले की गाणे. तिथे पैसे वेष्टनाचेच दिले होते, आणि ते वेष्टन रोज सकाळी काम करत होते.

स्नेह्यांना उत्तर

आता अकाउंटंट स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येतो. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात म्हटले आहे की नाराज गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात. दुकान सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. ज्याला निष्ठा असते तो सहसा सोडून जात नाही, बोलतो. एका दुकानातला तांदूळ आवडला नाही तर दुसऱ्या दुकानात जाता येते. पण पिंक फ्लॉइड दुसऱ्या दुकानात मिळत नाही. 'घेऊ नका' हे उत्तर तांदळाला बरोबर लागू पडते, आणि नेमके इथेच पडत नाही.

आणि माझ्यापुरते आणखी एक कारण आहे, तेही सांगून टाकतो. हॉस्टेलमध्ये असताना एका सीनिअरच्या कॉम्प्युटरवरून उतरवून घेतलेल्या एमपी थ्री फायलींवर मी हे सगळे संगीत प्रथम ऐकले. कुणालाही एक पैसा दिला नव्हता. 'डार्क साइड'ची गाणी एकमेकांत मिसळत जातात, पण आमच्या फायलींत प्रत्येक गाण्यानंतर क्षणभर शांतता असायची, आणि मला वाटे ती तशीच आहेत. अमेरिकेत विद्यार्थी म्हणून आल्यावर पहिल्या काही महिन्यांत स्टायपेंडमधून ती सीडी घेतली. अंधारात हेडफोन लावून ऐकली, आणि पहिले गाणे न थांबता दुसऱ्यात उतरले. चार वर्षे मी भलतेच काहीतरी ऐकत होतो! तेव्हापासून मी पैसे देतो. जुने देणे फेडतो आहे असे वाटते. म्हणून माझे म्हणणे एवढेच की देणे फेडायला आलेल्या माणसाला गोट्या देऊन परत पाठवू नका.

ज्यांना असा नाद आहे त्यांच्यासाठी आमच्या घरातली पद्धत सांगतो. पेटीची किंमत घ्यायची आणि तिच्यातल्या, आपल्याकडे आधी नसलेल्या मिनिटांनी भागायची. माझ्या त्या ओरखडलेल्या पेटीत नऊ तासांचे संगीत होते, पण नवी मिनिटे फक्त ६४. म्हणजे मिनिटाला ३ डॉलर ४४ सेंट. सौ. म्हणाली, "पूर्वीच्या लोकांना भारतात फोन करायलासुद्धा एवढे पडत नसतील." दुसरे, सहा महिने थांबायचे. सुटे भाग येण्याचा संभव पुष्कळ असतो. तिसरे, पेटी आल्या दिवशीच प्रत्येक तबकडी बाहेर काढून तपासायची आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायची, कारण आवृत्ती संपल्यावर दुरुस्ती नाही. आणि तक्रार असेल तर ती सरळ कंपनीलाच लिहायची, पिकनिकला नव्हे.

ते अडखळणारे गाणे मी अजून ऐकतो. जिथे ते अडते तिथे आता मीच पुढची ओळ म्हणतो. परवा लेक शेजारच्या खोलीतून म्हणाली, "बाबा, हे फोनवर आहे की! नीट लागतंय." तिने लावलेही, आणि खरेच, कुठे अडले नाही. मी तिला म्हटले, "छान आहे." आणि पेटी होती त्या जागी नीट लावून ठेवली.